फिफीलला शत्रू मिळत नाही

उश्मालच्या जंगलात आपलं कुणाशी वाकडं नाही, असं फिफील छातीवर हात ठेवून सांगायचा. "मधावरून भांडलो नाही, झाडावरून भांडलो नाही. मला बघून आंबट झालेलं एक तोंड दाखवा." तसं तोंड खरोखरच नव्हतं. आणि शंभरी जवळ आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की याच्याइतकी मोठी आफत दुसरी नाही.

एल्फ लोकांत पाळण्यातलं नाव शंभर वर्षंच चालतं. फिफील म्हणजे आपल्याकडचा शेंबड्या. शंभरीला मोठं नाव मिळतं, पण ते आईबाप देत नाहीत. ते देतो तुमच्यावर सगळ्यात जास्त खार खाऊन असलेला एल्फ. आईला पोराचं काही दिसत नाही, मित्र तोंडावर गोड बोलतो. तुम्ही नेमके कसे आहात हे ज्याला तुमचा ताप झाला त्यालाच ठाऊक, असा त्यांचा रोकडा हिशेब. तेव्हा जो नावं ठेवतो, त्यानंच नाव ठेवायचं. भर सभेत उठून गाऱ्हाणं सांगायचं, नाव द्यायचं, की त्या दिवसापासून दोघं सख्खी भावंडं. गाऱ्हाणं घेऊन कुणी उठलंच नाही, तर पुढची शंभर वर्षं शेंबड्याच. आणि शेंबड्याला लग्न करता येत नाही.

सायव्रेन त्याच्यासाठी किती उन्हाळे थांबली होती, ते तिनं मोजणं सोडून दिलं होतं.

"कुणाला तरी चिडव," ती म्हणाली. "सभेला आठच दिवस राहिलेत. एवढ्या मोठ्या जंगलात एक तरी तापट निघेल."

फिफील कामाला लागला. शेजारचा ओर्दुक म्हणजे नाकावर राग. त्याच्या अंगणातल्या लिंडनच्या झाडाची सगळ्यात जाड फांदी फिफीलनं भल्या सकाळी कुऱ्हाडीनं पाडली आणि मार खायला तयार होऊन तिथंच उभा राहिला. ओर्दुक बाहेर आला. फांदीकडे बघितलं, फिफीलकडे बघितलं, आणि त्याचे डोळेच भरून आले.

"चाळीस वर्षं बायको मागं लागली होती, ही फांदी तोडा म्हणून. मला कमरेमुळं चढता येईना, आणि ते तिला सांगता येईना. थांब, मध घेऊन जा."

मधाचं गाडगं काखेत मारून फिफील कुंभारीण रूएनाकडे गेला. तिचा सगळ्यात मोठा रांजण त्यानं लाथेनं फोडला. पाय सुजला तो वेगळाच.

"तुमचाच रांजण फोडलाय, रूएनाबाई. मुद्दाम फोडलाय."

"देवासारखा आलास रे बाबा," रूएना म्हणाली. "नणंदेनं फुकट मागितला होता. आता काय देऊ, कपाळ? फुटला म्हणून सांगते. बस, पायाला पाला बांधते."

शेवटी त्यानं सरळ जंगलातल्या सर्वांत वडील माणसावर हात टाकायचं ठरवलं. थेल्मो आजोबा रोज संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून जुन्या लढायांच्या गोष्टी सांगत. त्याच त्या. फिफील भर बैठकीत उठला. "आजोबा, तुमच्या गोष्टी अगदी कंटाळवाण्या आहेत."

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. "मलाही त्यांचा वीट आलाय रे, कितीतरी वर्षं. तुम्हांला आवडतात म्हणून घसा कोरडा करत होतो. आज सुटलो." ते उठून झोपायला गेले. त्यामागोमाग लोकांनी फिफीलला खांद्यावरच घेतलं.

"काय झालं?" सायव्रेननं विचारलं.

"पूर्वी नुसता चांगला म्हणत. आता गुणी म्हणतात."

सभेचा दिवस उजाडला. रिवाजाप्रमाणे सगळं जंगल सकाळपासून उपाशी. मोठ्या ओकच्या झाडाखाली चेस्टनटचं कालवण रटरटत होतं आणि मध लावलेल्या भाकऱ्यांचा वास थेट पोटात शिरत होता. थेल्मो आजोबांनी विचारलं, "फिफीलबद्दल कुणाचं गाऱ्हाणं?" पानही हललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. ओर्दुकनं तर प्रेमानं हात हलवला.

तिसऱ्यांदा विचारलं, आणि सायव्रेन उठली.

"माझं आहे. घर कुठं बांधायचं विचारलं, तर हा म्हणतो, तू म्हणशील तसं. किती पोरं हवीत, तू म्हणशील तसं. सगळ्यांना हो म्हणत फिरतो. भिंतीशी संसार केला तर भिंत निदान आडवी तरी येते. मी याला नाव देते, होयबा."

"सये, अगं काय करतेयस?" फिफील कुजबुजला. "बहीण होशील माझी."

"आजोबा, त्याला विचारा," एवढंच ती म्हणाली. आणि का कोण जाणे, तिनं एकदा कालवणाच्या हंड्यांकडे बघून घेतलं.

आजोबा खाकरले. "नाव घेतलंस तर ही तुझी बहीण. नाकारलंस तर तू शेंबड्याच राहणार आणि पंगत मोडणार. दिलेलं नाव परतवलं तर जेवण नाही, ठाऊक आहे ना? हंडे नदीत उलटावे लागतात. बोल, घेतोस?"

लोकांनी पानं मांडायला घेतलीसुद्धा होती. फिफील आजवर कुणाला नाही म्हणालाच नव्हता.

"नाही," फिफील म्हणाला.

"काय?"

"नाही घेत. हंडे उलटा."

मग ओर्दुक उठला, आणि या खेपेला राग नाकावर नीट बसला होता. "पहाटेपासून लाकडं फोडतोय मी. कंबर मोडली माझी. माझं गाऱ्हाणं आहे."

"ओर्दुकच्या आधी माझं," रूएना ओरडली. "भाकऱ्या कुणी थापल्या?"

पाठोपाठ अख्खं जंगल उभं राहिलं. पोरं, म्हातारे, रूएनाची नणंदसुद्धा. आजोबा स्वतःही उठायच्या बेतात होते, पण त्यांना निवाडा करायचा होता. लाकडं ओर्दुकनं फोडली होती, म्हणून मान त्याला मिळाला. त्यानं हंड्यांवरची नजर न काढता, सगळ्या जंगलासमोर खणखणीत आवाजात नाव दिलं, पंगतबुडव्या.

"घेतोस?" आजोबांनी घाईनं विचारलं. फिफीलनं मान डोलावली आणि लोक पानांवर तुटून पडले. सायव्रेननं सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

पंगतबुडव्याचं लग्न पानगळीच्या आधी झालं. आमंत्रण एकूण एक घरात गेलं आणि जंगलात एक माणूस मागं राहिला नाही. सगळे आले, घरून जेवून.