देवणी वाणाची मोटार

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मोटारीचे खांदे मळणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. माझ्या दुकानासमोरच त्याचं घर आहे.

नाव फुलसिंग राठोड. मूळचे तांड्यावरचे, आता कुरुंद्यात रस्त्याला लागून घर बांधलेलं. वय साठीच्या थोडं अलीकडं की पलीकडं, ते त्यांनाही ठाऊक नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्या दिवशी दादा नव्याकोऱ्या, पांढऱ्याशुभ्र गाडीच्या पुढच्या चाकांच्या वरचा भाग हळद-लोण्यानं चोळत होते. चोळता चोळता हात दिव्यांवरही फिरला. मग गाडीच्या कानाशी, म्हणजे आरशाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच जेवली. पुरणपोळीचा घास दादांनी समोरच्या जाळीत कोंबला. पुढं आठ दिवस एसीच्या झरोक्यातून गार हवेबरोबर मुंग्या येत होत्या. आणि हळद म्हणाल तर ती कुरुंद्याची हळद, ती काय अशीतशी सोडते? मी साबण लावला, पॉलिश लावलं, पण दिव्यांचा पिवळेपणा काही गेला नाही. मी जरा बोललोच. तर दादा म्हणाले, "जनावर हाये ते. त्याला कळतं. तू गप ऱ्हाय."

माझं सीट कव्हरचं दुकान आहे. कव्हर, पायपुसण्या, हॉर्न, स्टिकर, सगळं मिळतं. त्यामुळं गाडी घ्यायला नांदेडला जाताना दादांनी मला सोबत नेलं. शोरूममधल्या पोरानं कोट घातलेला. त्यानं दादांना आधी मोठ्या, उंच, सगळा गोतावळा मावेल अशा गाड्या दाखवल्या. दादा मुकाट्यानं ऐकत होते. आणि अचानक कोपऱ्याकडं चालू लागले. तिथं एक छोटी, बसकी, चपळ गाडी उभी होती. अंग पांढरं, टप काळं, आरसे काळे, मागं पंखासारखी पट्टी. शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण म्हणा.

"ही देवणी हाये," दादा म्हणाले.

देवणी बैल ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. पांढरं अंग, काळे कान, रुबाब पाटलाचा. दादांची शेवटची जोडी देवणीच होती. दोघं म्हातारे होऊन गोठ्यातच गेले, तेव्हा दादा चार दिवस जेवले नव्हते.

कोटवाला पोरगा धावत आला. "काका, ही स्पोर्टी आहे. टर्बो इंजिन. शंभर घोड्यांची ताकद!"

"घोडे ऱ्हाऊ दे. बैल किती, ते सांग."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तोवर दादांनी गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, भोवती दोन चकरा मारल्या आणि बॉनेट उघडायला लावून आत वाकून पाहिलं. दात बघत असणार. गाडी घेतली.

आता असली गाडी गावात आल्यावर काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. पोरं माझ्या दुकानात जमली. सायलेन्सर मोठा बसवा, गाडी अजून खाली घ्या, काचा काळ्या करा, स्पीकर असा लावा की औंढ्यापर्यंत आवाज गेला पाहिजे. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? असलं गिऱ्हाईक रोज थोडंच मिळतं. दादा आले, बाकावर बसले आणि त्यांनी कामं सांगितली.

गाडी उंच कर. आवाज कमी कर. स्पीकर काढ. डाव्या बाजूची ती खोलगट सीट फेक आणि तिथं कापसाची सपाट गादी शिव.

"दादा, अहो काहून असं करून राहिलात?" मी कपाळाला हात लावला. "स्पोर्टी गाडी हाये ती! लोक उलटं करतेत!"

"लोकायच्या बायकायला गाडी लागत नसंल," दादा म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

जमनावहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते, माझ्या बायकोलाही घाटात लागते. पण वहिनींना उभी गाडीसुद्धा लागते. एकदा वसमतच्या स्टँडवर त्या एसटीत चढल्या. बस सुरू व्हायची होती, ड्रायव्हर अजून चहा पीत होता, तेवढ्यात वहिनी खिडकीतून वाकल्या. गोळ्या झाल्या, लिंबू झालं, आल्याचा तुकडा झाला, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. काही उपयोग नाही. वहिनी आयुष्यात जिथं गेल्या तिथं बैलगाडीनं गेल्या. बैलगाडीत त्यांना कधी काही झालं नाही.

आणि एकुलती एक लेक छाया दिली कुठं? तर संभाजीनगरला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण मायनं लेकीच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. पहिलं बाळंतपण इथं माहेरी झालं, तीन महिने वहिनींनी नातू मांडीवरून खाली ठेवला नाही. मग लेक नातवाला घेऊन गेली. आता जावळ काढायचं होतं. नवस सासरकडच्या देवाचा, म्हणजे कार्यक्रम तिकडंच. जावळ काढतात मामाच्या मांडीवर. छायाला भाऊ नाही. तिनं फोनवर सांगून टाकलं, "मामा न्हाई तर आज्जीच्या मांडीवर काढीन. माय आल्याबिगर कात्री लागू देणार न्हाई."

झालं! पोरगं दीड वर्षाचं झालं, केस वाढतच चालले. महिन्याला फोटो यायचा. आधी केस कपाळावर, मग डोळ्यांवर, मग दोन बो. त्या फोटोकडं बघत वहिनी हसायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. सासरचे लोक आता कुरकुरायला लागले होते. अक्षय तृतीयेला जावळ काढायचंच, आज्जी येवो न येवो, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"बैलगाडीत तिला तकलीफ न्हाई," दादा मला समजावत होते. "मंग मोटारीची बैलगाडी करायची. सोप्पं हाये. बराबर बोललो का न्हाई?"

मी कामाला लागलो. करता काय! वसमतच्या मिस्त्रीनं गाडी चार बोटं उचलली. मी नव्या सीटवर कात्री चालवली ती, देवाशपथ सांगतो, सीटची माफी मागूनच. कापसाची गादी शिवली. वहिनींनी स्वतः भरलेला आरशांचा आणि कवड्यांचा कपडा तिच्यावर चढवला. मी हौसेनं मोगऱ्याच्या वासाची बाटली लावली होती, ती दादांनी उकिरड्यावर फेकली आणि पायपुसणीखाली कडबा पसरला. "तिला ह्यो वास चालतो," म्हणाले. म्हाताऱ्या जोडीच्या घुंगरमाळा आरशाला बांधल्या. मागच्या पंखाला गोंडे आले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "कव्हरवाले, हे काय बनवून राहिलात?" मी म्हणायचो, "मलाबी माहीत न्हाई."

मग तालमी सुरू झाल्या. दर रविवारी दादा वहिनींना डावीकडं बसवायचे आणि औंढ्याच्या रस्त्याला लागायचे. बैलाच्या चालीनं. सायकली पुढं जायच्या. पहिल्या रविवारी गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत मजल गेली. तिथं वहिनी उतरल्या आणि चिंचेला धरून वाकल्या. दादा घुंगरं वाढवायचे, कडबा बदलायचे, पण मजल काही शिरड शहापूरच्या पुढं जाईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

एका रविवारी मीही मागं बसलो. म्हटलं, गादीत काही खोट राहिली असेल तर कळेल. शिरड शहापूर जवळ आलं आणि वहिनींनी हात वर केला. गाडी थांबली. व्हायचं ते झालं. वहिनी तोंड धुऊन पुलाच्या कठड्यावर बसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या.

"ऱ्हाऊ द्या आता. काढा म्हनावं जावळ. माझ्यापायी लेकराचे हाल काहून?"

दादा गाडीकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात समोरून कडब्याची बैलगाडी आली. गाडीवान कुरुंद्याचाच, ओळखीचा. त्यानं विचारलं, काय झालं? वहिनी म्हणाल्या, "मला घरला ने बाबा." आणि परकर सावरून चाकावर पाय देऊन वर चढल्या. गाडीवान जरा मागं सरकला. वहिनींनी त्याच्या हातातून कासरा घेतला, जिभेनं टक् केलं आणि बैल जे निघाले ते दुडक्या चालीनं! आमची स्पोर्टी गाडी वळून त्यांच्या मागून. वहिनी पुढं बघत ताठ बसलेल्या, बैलांना शिव्याही देत होत्या. मघाची आजारी बाई ही नव्हेच.

"दादा," मी म्हणालो, "कासरा कोणाच्या हातात हाये बघा."

"मंग?"

"मंग काय? ड्रायव्हरला गाडी लागलेली तुमी कदी बघितली का?"

दादांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. आता तुम्हाला सांगायला हवं, की फुलसिंगदादा म्हणजे पंचक्रोशीतले नामांकित गाडीवान. म्हणजे असं तेच सांगत. तांड्यावर, पारावर, माझ्या बाकावर, चाळीस वर्षं एकच कीर्तन: "माझ्यावानी गाडी हाकनारा पैदा झाला न्हाई."

"तुला म्हनून सांगतो," दादा खाली बघत म्हणाले. "गावाबाहीर पडलो की मला झोप लागायची. गाडीत आडवा व्हायचो मी. कासरा सारा जलम तिच्याच हातात. गाव जवळ आलं की ती मला उठवायची, मंग मी कासरा धरून वेशीतून यायचो."

मी हसलो नाही. आलेलं हसू दाबलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाडीला मागंपुढं लाल रंगाचा इंग्रजी एल लागला, आणि तो दादांनी स्वतः चिकटवला. तांड्यावरून दोघंतिघं येऊन विचारून गेले, दादा, बायकोला मोटार शिकवून राहिलात म्हणे? दादा म्हणाले, "व्हय. मला आता दिसत न्हाई बराबर." डोळे तर घारीसारखे आहेत त्यांचे.

वहिनी शिकल्या. ब्रेक लावताना "हो हो हो" म्हणायच्या, गिअर टाकताना टक् करायच्या, आणि मधे कुत्रं आलं तर काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पण एकदाही पोट ढवळलं नाही. हिंगोलीला परीक्षा झाली. साहेबांनी विचारलं, "मावशी, याआधी काय चालवलंय?" वहिनी म्हणाल्या, "बैल. आन् ह्यो मानूस." आठाचा आकडा पहिल्या दमात काढला.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दुकानासमोरून निघाली. पिवळे दिवे, गोंडे, घुंगरं, सगळा सरंजाम. वहिनी स्टिअरिंगवर, कोपरापर्यंत बांगड्या, नजर समोर. आणि डावीकडच्या कापसाच्या गादीवर दादा. चिंच यायच्या आत त्यांची मान कलली होती, तोंड उघडं, खुशाल घोरत होते. मी बायकोला म्हणालो, बघ, गादी शिवली कुणासाठी आणि झोपलंय कोण!

आठवड्यानं परत आले. दादा पेढे घेऊन दुकानात आले आणि फोटो दाखवला. वहिनींच्या मांडीवर टकलं पोरगं, भोकाड पसरलेलं. वहिनीही रडताहेत, पण ते रडणं वेगळं.

"मजा हाये बुवा तुमची," मी म्हणालो. "वहिनी हाकतात, तुमी झोपा काढता."

दादांनी मागं वळून पाहिलं. समोर अंगणात वहिनी गाडीच्या अंगावरून ओला फडका फिरवत होत्या. दादांनी आवाज खाली घेतला.

"कशाची झोप रे! जीव मुठीत धरून बसलो व्हतो. जालन्याजवळ दोन ट्रकायच्या मधून काढली तिनं गाडी. मी नागनाथाचं नाव घेऊन मोकळा झालो."

"मंग डोळे काहून मिटले?"

"मी टकामका बघत बसलो असतो, तर तिला वाटलं असतं, ह्याला भेव वाटून राहिलं. तिचा हात कापला असता. बैलगाडीत मी घोरायला लागलो की ती निवांत हाकायची, गुणगुणायची. म्हनून घोरलो. पार संभाजीनगरपर्यंत घोरलो लेका, घसा बसला माझा."

"आन् त्या गुणगुणल्या का?"

"जिंतूरच्या पुढं," दादा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात वहिनींनी पलीकडून हाक मारली, "अवो! उद्या औंढ्याला जाऊन येऊ का दर्शनाला? तुमी झोपा बिनघोर, मी नेते!"

"जाऊ की!" दादा ओरडले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "त्या गादीत थोडा कापूस वाढव. डोळे मिटून बसायचं म्हंजी पाठ लई अवघडते. आन् तिला बोलू नको काही."