गांगुर्डे सरांचे पंचनामे

आमच्या स्टाफरूममधला साखरेचा डबा रिकामा सापडला, की आम्ही शिपाईमामांना हाक मारतो. गांगुर्डे सर पंचनामा करतात. अगदी खराखुरा. फुलस्केप कागद, डावीकडे समास, वर वेळ. ‘डबा कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, झाकण उघड्या स्थितीत. आत मुंग्या सात, पैकी सहा जिवंत.’ खाली दोन पंचांच्या सह्या. आणि सही करण्याआधी सर आपल्याला वाकून सातही मुंग्या मोजायला लावतात. तोवर चहाचं पाणी होतं.

सर नाशिक रोडच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. टी.वाय.चा गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्थेचा पेपर कित्येक वर्षं त्यांच्याकडेच. मी त्याच विभागात, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये मला तास मिळणार की नारळ, हे उपप्राचार्यांच्या मर्जीवर.

स्टाफरूममध्ये चार सुखाच्या गप्पा माराव्यात तर सर समोर नकोत. अमक्याच्या सुनेने म्हणे घर सोडलं, एवढं कुणी बोलायचा अवकाश, सर वर्तमानपत्रातून मान वर काढणार आणि विचारणार, ‘‘डोळ्यांनी, की कानांनी?’’ खलास! पुढचं कुणाच्या तोंडून निघत नाही. एकदा मी म्हटलं, इगतपुरीला धो धो पाऊस चाललाय. रिक्षावाल्याने सांगितलं होतं हो. सरांनी तेही कानांनी या सदरात टाकलं. माझं तर डोकंच फिरायचं. एवढा शिकलेला माणूस, आणि मुंग्या काय मोजत बसतो!

मग त्या वर्षीची परीक्षा आली. पेपर नेमका सरांचाच, आणि वर्गावर पर्यवेक्षक मी. मध्येच भरारी पथक घुसलं. पथक आलं की बाकांखाली काय धांदल उडते, ते आम्हा मास्तरांना विचारा. चिठ्ठ्या पायांनी इकडून तिकडे सरकतात. तशीच एक बोटभर झेरॉक्स वैशाली गावितच्या बाकाखाली सापडली. वैशाली पेठकडच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी. वर्गात तोंडातून शब्द नाही, पण पेपरात पुरवण्यांवर पुरवण्या. मी तेव्हा खिडकीपाशी दुसऱ्याच मुलीला पुरवणी देत होते. आरडाओरडा ऐकून वळले, तोवर तिला उठवलेलं होतं.

उपप्राचार्यांनी फॉर्म माझ्यासमोर धरला. इथे सही करा मॅडम, पथकाला पुढे जायचंय. मी केली. न वाचता. साहेबांनी बोट ठेवलं तिथे सही करायची, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. छापील ओळ नंतर वाचली: ‘सदर चिठ्ठी विद्यार्थिनीच्या हातातून माझ्यासमक्ष जप्त केली.’

संध्याकाळी वैशाली मला फाटकापाशी गाठून म्हणाली, ‘‘मॅडम, ती माझी नाय. पायाशी कोणी सारली ठावं नाय मला.’’ वर्ष रद्द झालं तर वसतिगृह जाणार, आणि वसतिगृह गेलं की घरचे लग्न उरकणार होते. स्थळही बघून ठेवलेलं. चौकशीला चार दिवस होते. खरं बोलावं तर खोटी सही कबूल करायची, म्हणजे जूनमध्ये आपली आपण घरी बसायची तयारी. मी गप्प राहिले. लाज वाटते सांगायला, पण राहिले.

चौकशी समितीत उपप्राचार्य अध्यक्ष आणि गांगुर्डे सर सदस्य. बाहेर बाकावर वैशालीचे वडील टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. मला आत बोलावलं, तिथे वैशाली आधीच उभी होती. उपप्राचार्यांनी विचारलं, सही तुमचीच ना? मी मान हलवली. मग झालं, म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘देवरे मॅडम, चिठ्ठी हिच्या हातात होती. डोळ्यांनी, की कानांनी?’’

उपप्राचार्य माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत अख्खा जून होता. वैशाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलेलं. सरांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही.

‘‘कानांनी,’’ मी म्हणाले. ‘‘मी काहीच पाहिलं नाही. न वाचता सही केली.’’

याचा अर्थ कळतोय का तुम्हाला, असं उपप्राचार्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. तासाभराने वैशाली सुटली आणि मला मेमो मिळाला.

कॉलेज सुटल्यावर सर म्हणाले, बसा स्कूटरवर, एका ठिकाणी जायचंय. जेल रोडच्या एका गल्लीत शिंप्याच्या दुकानापासून जरा अलीकडे त्यांनी स्कूटर थांबवली आणि हँडल धरूनच बोलायला लागले. एकोणीस वर्षांचे असताना पोलीस चौकीवरून जाताना कुणीतरी त्यांना पंच म्हणून आत बोलावलं. कोऱ्या कागदावर सही घेतली. त्या कागदावर पुढे तांब्याच्या तारेची चोरी लिहिली गेली आणि या दुकानाचे कादरभाई चौदा महिने आत गेले. आरोपीच्या वकिलाने कागद मान्य केला, त्यामुळे सरांना कोर्टात कुणी बोलावलंच नाही. सुटून आल्यावर कादरभाईंनी हे दुकान टाकलं. तेव्हापासून सर दर रविवारी येतात. शर्ट शिवायला टाकतात, नाहीतर नुसतेच बसतात.

‘‘तुम्ही चार दिवसांत बोललात,’’ सर म्हणाले. ‘‘मला अजून जमलेलं नाही. आज जरा सोबत थांबा.’’

आत कादरभाई मशीनवर होते. पांढरी दाढी, गळ्यात टेप. आज रविवार नसून कसे काय, म्हणाले. सरांनी स्टूल ओढलं, पण बसले नाहीत.

‘‘कादरभाई, त्या कागदावर माझी सही होती.’’

मशीन थांबलं. कादरभाईंनी आधी दोरा तोडला, मग वर पाहिलं.

‘‘मालूम आहे सर. कागदांची नक्कल मिळाली होती ना मला. त्यात नाव होतं तुमचं.’’

आरोपीला नक्कल मिळते, हे सर दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून देतात. त्यांनी विचारलं, ‘‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’’

‘‘पहिल्यांदा आलात तेव्हा लय राग होता. वाटलं, कात्रीच मारावी. मग येतच राहिलात. बोललो असतो तर यायचं बंद केलं असतं तुम्ही. बायको गेली, पोरं दुबईला. रविवारी माझ्याकडे दुसरं कोण येतं?’’

सर स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. कादरभाई उठले, गळ्यातला टेप काढून ठेवला, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.