झाडांत नापास

"मला एकटं वाटायला आता वेळ कुठाय?" शिंपीकाकांनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं. "उद्यापासून विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात जाणार. ज्येष्ठांचा गट आहे तिथे. नुसत्या गप्पा."

काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, दुकान बंद होऊन एक. घरात बोलणारा एक रेडिओच होता. तो ऐकून मात्र घेत नसे.

सकाळी नऊला काका फाटकाशी पोचले. तिथे वीसेक पोरं आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक प्राध्यापक बाई.

"बाहेरून बसणार का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"बाहेर, आत, कुठंही बसेन."

बाईंनी त्यांच्या हातात कागद-पेन्सिल दिली. "दहा झाडं. नाव आणि वर्णन. एक तास. आणि आपसात बोलायचं नाही."

चुकीच्या फाटकाशी आलो, हे सांगायला काकांनी तोंड उघडलं, तोच शिट्टी वाजली. पोरं पांगली. काकाही झाडांकडे निघाले; घरी जाऊन तरी काय करणार होते?

पहिल्या झाडापाशी त्यांनी लिहिलं, 'नाव: ठाऊक नाही. पान: काठाला नागमोडी कात्री. खोड: इस्त्रीची गरज.' चौथ्यापाशी लिहिलं, 'अस्तर वेगळ्या रंगाचं.'

तासाभरानं तोंडी परीक्षा.

"अस्तर म्हणजे?" बाईंनी विचारलं.

काकांनी पान उलटून दाखवलं. वरून हिरवंगार, खालून पांढुरकं. बाई पुढचं ऐकायला थांबल्या. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारं माणूस काकांना कितीतरी महिन्यांनी भेटलं होतं. ते अस्तरावरून शिवणीवर गेले, शिवणीवरून काकूंच्या निळ्या झंपरावर. मागे पोरांची रांग ताटकळली.

"बरं, बैठक क्रमांक सांगा," बाई शेवटी म्हणाल्या.

काकांचे कान लाल झाले. "बाई, मी परीक्षेचा नाही हो. फिरायला आलो होतो." त्यांनी पेन्सिल परत केली.

पोरं हसली. बाई कागदाकडेच बघत होत्या. "दहातली दोन नावं बरोबर. नापास. नापासांनी पुढच्या शुक्रवारी नऊला यायचं."

"मीसुद्धा?"

"नापासांत तुम्ही मोडता ना?"

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "कसा आहे गट?"

"तरुण आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी वही आणली, झाडांची नावं लिहून काढली आणि रोज सकाळी पाठ करायला बसले. पण बेतानंच. चुकून पास झाले, तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी जायचं कुठं?