राक्षसाचा पुढचा दात

दुपारी दोन ते चार डॉ. वेदिकाच्या रामदासपेठेतल्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली असे. त्या अर्ध्या शटरामागे डॉक्टरबाई जेवून डुलकी काढतात, असा साऱ्या गल्लीचा समज होता. प्रत्यक्षात डॉक्टरबाई राक्षस रंगवत.

राक्षस बोटभर उंचीचा. डेंटल कॉलेजात असताना वेदिका आणि तिचे तीन दोस्त दर रविवारी टेबलावर नकाशा पसरून एक खेळ खेळत. प्रत्येकाचा एक योद्धा, समोर राक्षस, भुतं, खजिने, आणि फाशावर पडेल त्या आकड्यावर सगळ्यांचं नशीब. त्यातल्या बाहुल्या रंगवायचं काम वेदिकाचं. मग पदवी आली, लग्न आलं, दवाखाना आला, मुलगी आली आणि ब्रश माळ्यावर गेले ते चौदा वर्षं तिथेच राहिले. दोन महिन्यांपूर्वी त्या चौघांतला गौरांग बंगलोर सोडून धरमपेठेत परत राहायला आला आणि फोनवर म्हणाला, “वेदे, खेळ परत सुरू करू. बाहुल्या तूच रंगवायच्या.” वेदिका म्हणाली, “वेळ कुठे आहे रे?” आणि त्याच संध्याकाळी माळ्यावर चढली.

सुरुवातीला हात काही वळेना. रंग जाड बसला, एका योद्ध्याचा डोळा कानाजवळ गेला. पण पंधरा दिवसांत बोटांना आठवू लागलं. दाढेतली कीड पाहायचा भिंगाचा चष्मा चढवला की चिलखताची कडी न् कडी दिसे. कित्येक वर्षांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं, आणि म्हणूनच मनात कुठेतरी चोरट्यासारखंही वाटे. तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं, की या नादापायी एका जरी पेशंटचं नुकसान झालं तर सामान पुन्हा माळ्यावर जाईल, आणि या वेळी कायमचं.

पहिला खेळ रविवारी ठरला होता आणि गुरुवारी राक्षस हातातून निसटला. कमरेत मोडून त्याचे दोन तुकडे झाले. तोंडाबाहेर आलेल्या दोन सुळ्यांपैकी एक उडाला तो गडपच झाला. दवाखान्यात मदतीला असलेली दीपमाला रोज कामठीहून शेअर ऑटोने येई. तिने खुर्चीखाली, सिंकखाली, पायपुसण्याखाली सगळीकडे पाहिलं.

“मॅडम, दात काही सापडून नाही राहिला.”

“राहू दे. आज गौरांग येतोय संध्याकाळी, तोच जोडेल.” वेदिकाने राक्षसाचे तुकडे एका निळ्या डब्यात ठेवले. कवळ्या बनवणाऱ्या लॅबकडे दातांची मापं पाठवायचे असे डझनभर डबे दवाखान्यात होते.

एवढ्यात शटरखालून वाकून देवराव आत आले. कळमेश्वरला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, ते आता मुलगा पाहत असे. सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून ते नागपुरात एकटेच राहत. त्यांनी तोंडावर एक रुमाल धरला होता आणि दुसरा रुमाल टेबलावर उलगडला. त्यात त्यांच्या वरच्या कवळीचे दोन तुकडे होते, आणि समोरचा एक दात नव्हता.

“काका, काय खाल्लंत?”

“चकली.” दातांअभावी शब्द गालातच फिरून बाहेर येत होते. “सराव करून राहिलो होतो.”

“चकलीचा सराव?”

देवरावांनी दीपमालाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि सांगून टाकलं. भाचीच्या लग्नात त्यांना कौशल्याबाई भेटल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण, त्याही एकट्याच. रविवारी पाच वाजता त्यांनी चहाला बोलावलं होतं. आणि दोघांनाही ठाऊक होतं की तो नुसता चहा नव्हता.

“लग्नात मले म्हने, तुमी हसले का बरं वाटते,” देवराव म्हणाले. “आता सांगा, त्याईनं चकली समोर ठेवली अन् माहं हसूच खाली पडलं तं?”

वेदिकाला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. “शनिवारी सकाळी या. तयार असेल.”

तिने कवळी दुसऱ्या निळ्या डब्यात ठेवली आणि लॅबसाठी चिठ्ठी लिहिली: ‘दोन तुकडे झालेत, जोडा. समोरचा एक दात गेलाय, नवीन बसवा. रंग उरलेल्या दातांशी जुळवा, फार पांढरा नको. कुठेही टोचता कामा नये, घासून गुळगुळीत करा. शनिवारी सकाळी हवंच.’ चिठ्ठी तिने रबरबँडने डब्याला लावली. लावताना तिच्या डोक्यात राक्षसाचा हरवलेला सुळा होता. चिठ्ठी कोणत्या डब्याला लागली हे तिने पाहिलं नाही. चिठ्ठीवाला डबा दीपमालाने संध्याकाळी कामठीत चंपतरावांच्या लॅबमध्ये पोचवला. दुसरा गौरांग काउंटरवरून घेऊन गेला.

शनिवारी दहाच्या ठोक्याला देवराव खुर्चीत बसले. दाढी गुळगुळीत, मिशीला कलप. दीपमालाने कामठीहून आणलेला डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि वेदिकाने झाकण काढलं.

आत हिरवा राक्षस उभा होता. कमरेला कवळीच्या हिरडीचा गुलाबी जोड, पट्टा बांधावा तसा. तोंडात नवा दात, तासून निमुळता केलेला, जुन्या सुळ्याशी रंगाने तंतोतंत जुळणारा आणि आरशासारखा चकचकीत. हातातल्या गदेवरचे झाडून सारे काटे घासून टाकले होते. गदेचं लाटणं झालं होतं.

देवराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. “डॉक्टरबाई, हा कोन?”

“हा… दुसरा पेशंट.”

“यालेबी रविवारी चहाले जाचं हाय का?”

वेदिकाने घाईघाईने फोन लावला. “चंपतराव, अहो, डब्यात राक्षस निघाला तर एक फोन तरी करायचा!”

“मॅडम, मी लॅब टाकली त्या साली एका मोठ्या डॉक्टरले विचारलं होतं, का साहेब, हा दात उलटा तं नाही?” पलीकडून शांत आवाज आला. “त्यानं चार लोकाईसमोर मले असं झापलं, का तवापासून मी विचारतच नाही. चिठ्ठीत असन ते करतो. चुकलं तं काहीच नाही. दोन तुकडे जोडले. दात बसवला. रंग जुळवला. टोचणारं सारं घासलं. तुमचा पेशंट बाकी शहाणा हाय, हू का चू केलं नाही.”

वेदिकाला एकही चूक दाखवता येईना. तिने दुसरा फोन लावला.

“वेदे, कमाल आहेस तू!” गौरांग तिला बोलूच देईना. “मी राक्षस मागितला आणि तू अख्खं गुहेचं दार पाठवलंस! आणि ते दात, अगं एकदम खरे वाटतात. मी शेवाळ पण चढवलं त्याच्यावर.”

“गौरांग, ते खरेच आहेत.”

“म्हणजे, कोणाचे?”

“माझ्यासमोर बसलेत ते.”

फोन ठेवून वेदिका खुर्चीकडे वळली. लॅबला उशीर झाला असं सांगता आलं असतं, डॉक्टर लोकांना तेवढं येतंच. पण देवराव मिशीला कलप लावून आले होते. तिने सगळं खरं सांगितलं: खेळ, बाहुल्या, दोन डबे, आणि हे सारं आपल्या नादामुळे झालं हेही. सांगताना मनातल्या मनात तिने ब्रश गुंडाळून माळ्यावर टाकलेसुद्धा.

देवराव उठले. “चला. माहे दात हाय, मलेच नीट वळखता येतीन.”

धरमपेठेत गौरांगच्या जेवणाच्या टेबलावर थर्माकोलचा डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याशी कवळीचे दोन तुकडे कमानीसारखे उभे चिकटवलेले, दातांवर हिरवं शेवाळ, मधून लाल ओघळ. कमानीत तलवार घेऊन बोटभर योद्धा उभा होता. गौरांग अपराध्यासारखा कोपऱ्यात उभा राहिला. आता काका चिडणार म्हणून वेदिका पुढे झाली.

“हा गडी आत चालला का बाहेर निंगाला?” देवरावांनी विचारलं.

“आत,” गौरांग पुटपुटला. “आत खजिना आहे. पण राखायला राक्षस आहे.”

“एकटाच जाऊन राहिला? हिंमत हाय.” देवरावांनी बोटाने योद्ध्याला हळूच बाजूला सरकवलं. “थांब गा जरा. पयले मले जाऊ दे.”

रंग कालचाच होता. साध्या पाण्यात साबण घालून वेदिकाने मऊ ब्रशने घासलं तसं पाऊण तासात शेवाळ गेलं, ओघळ गेले. राहिलेला गोंद चंपतराव तासतील म्हणून तिघं गौरांगच्या गाडीतून कामठीला निघाली. वाटेत गौरांगने अकरा वेळा माफी मागितली.

चंपतरावांनी काही न विचारता कवळी हातात घेतली आणि दोन तासांत अशी जोडली, की जोड कुठे आहे ते देवरावांनाही सांगता येईना. राहिला फक्त समोरचा दात. चंपतरावांनी एकामागून एक खण उघडले आणि बंद केले.

“पिवळसर दात एकच उरला होता मॅडम. तो तुमच्या त्या हिरव्या पेशंटले बसवला.”

“आता?”

“काढला तरी फायदा नाही, तासून बारीक केला मी तो. नवे मंगळवारी येतीन. पिवळे दात मागते कोण आजकाल? साऱ्याईले पांढरे पाह्यजे.”

शेवटी पांढराच बसवला. देवरावांनी कवळी तोंडात घातली, आरसा धरला आणि हसून पाहिलं. जुन्या दातांच्या रांगेत तो एक दात ट्यूबलाइटसारखा पेटला होता. देवरावांनी तोंड मिटलं. आरसा पालथा ठेवला. सकाळपासून एकदाही न चिडलेल्या त्या माणसाचं ते मिटलेलं तोंड वेदिकाला पाहवेना.

“चंपतराव,” ती म्हणाली, “दातांवर चढवायचे रंग असतात. तुमच्याकडे आहेत?”

चंपतरावांनी सगळ्यात खालच्या खणातून एक पेटी काढली. हौसेने आणलेली, एकाही डॉक्टरने न मागितलेली. वेदिकाने भिंगाचा चष्मा चढवला आणि पर्समधून ब्रश काढला. रविवारसाठी घेतलेला नवाकोरा, तीन केसांच्या टोकाचा.

आधी सायीच्या रंगाचा एक पातळ हात दिला. तो वाळल्यावर दुसरा, पहिल्याहून पातळ. मग खोबणीत चहासारखा तपकिरी रंग नुसता सोडला आणि कडेने पुसून घेतला. चिलखताच्या फटी ती अशाच भरत असे. शेवटी शेजारच्या दातावर होता तसा एक फिका डाग. हात एकदाही हलला नाही. चंपतरावांनी वरून चकाकीचा थर चढवून तो पक्का केला, कवळी उजेडात धरली, उलटीसुलटी फिरवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरला प्रश्न विचारला.

“मॅडम, हे कुठं शिकल्या?”

“राक्षसांवर,” वेदिका म्हणाली.

चंपतरावांनी पेटीचं झाकण लावलं आणि ती तिच्या हातात दिली. “मंग हे तुमीच ठेवा. अन् तिकडचे अजून कोणी मोडले असन, तं पाठवा.” देवराव आरशात हसत बसले होते. त्यांना उठवायला दोनदा हाक मारावी लागली.

रविवारी गुलाबी पट्ट्याच्या राक्षसाने लाटणं परजून तीन योद्धे आडवे केले, पण वेदिकाचं लक्ष फोनकडे होतं. पावणेसातला देवरावांचा निरोप आला: ‘चकल्या दोन खाल्ल्या. हसलो बम, तोंडभर. पुढच्या रविवारी परत बोलावलं.’ वेदिकाने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि गौरांगने टाळी वाजवताना डोंगर पाडला.

सोमवारी दुपारी एक साठीच्या बाई शटरखालून वाकून आत आल्या. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, तोंडाला पदर.

“मी कौशल्या. देवरावजींनी तुमचं नाव सांगतलं. म्हने, वळखीची डॉक्टर हाय, लय चांगली.”

वेदिका ताडकन उठली. “काकू, काल काही झालं का?”

“चांगलंच झालं वं बाई. तेच तं झालं ना!” कौशल्याबाई खुर्चीत टेकल्या. “त्या माणसाचे दात पाहिले का तुमी? या वयात सारे सोताचे! जरासे पिवळे, समोरच्यावर चहाचा डाग. खरे दात असेच असते. पोरांचे दात पाह्यण्यात जिंदगी गेली माही, मले समजते.”

कौशल्याबाईंनी दाराकडे पाहिलं, पाठ फिरवली, आणि पुन्हा वळल्या तेव्हा त्यांच्या हातात अख्खी कवळी होती. चुना मारलेल्या भिंतीसारखी पांढरीफेक.

“अन् हे पाहा माहे,” आता त्यांचेही शब्द गालात फिरू लागले. “दोन घंटे पदर धरून हसली मी काल. असं किती दिवस हसू? थोडे जुने करून द्या ना याईले. डाग पाह्यजे एखादा. अन् त्याईले सांगजा नका, तुमाले शपथ हाय.”

“नाही सांगणार,” वेदिका म्हणाली. हसू आवरताना तिचे डोळे पाणावले. “एक शब्द नाही सांगणार, काकू. कोणालाच.”

तिने पेटी उघडली, चष्मा चढवला आणि ब्रश पाण्यात बुडवला. एवढ्यात दीपमाला धावत आत आली.

“मॅडम, देवराव काका आले! लाडू घेऊन! काय करू अन् काय नाही ते समजूनच नाही राहिलं त्याईले, एवढे खूश हाय.”

कौशल्याबाईंनी पदर थेट नाकापर्यंत ओढला.

“त्यांना बाहेर बसव,” वेदिका ब्रशवरची नजर न काढता म्हणाली. “सांग, मॅडम रंगवत बसल्यात. अर्धा तास लागेल.”

दीपमाला वळली, तेवढ्यात पदराआडून कुजबुज आली, “अन् लाडू मऊ हाय का, ते विचारजो वं पोरी.”