प्लेटांवरचा बिबट्या

गावदेवीची शप्पथ, माझ्या तोंडात उरलेल्या नऊ दातांची शप्पथ, पुढं सांगते त्यातला शब्द न शब्द खरा हाय! खोटं निघालं तर मला पोशीरच्या वेशीवर उलटी टांगा!

आमच्या घरात निवड करायची ती या इंदूबाईनं. बैल मी निवडले, विकासला बायको मी निवडली, आणि दोन्ही वेळेला लाथ खाल्ली नाय! म्हणून सोलरची वीज घ्यायची ठरली, तेव्हा विकास खोपोलीला कारखान्यात जाता जाता म्हणाला, "आई, तीन कंपन्यांची माणसं येतील. सगळ्यांचं ऐक, आणि नीट बघून एक योजना निवड. छायाच्या गिरणीचा सवाल हाय."

छाया माझी सून. मसाला दळायची गिरणी टाकलेली तिनं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिच्या नावाची पाटी लागलेली ही पहिलीच वस्तू. वीज स्वस्त मिळाली तर गिरणी चालणार, नायतर पाटी उतरणार.

पहिला आला तो म्हणाला, "आमच्या प्लेटा लांब माळावर असतात. वीज तारेतून तुमच्या घरी."

म्हटलं, "न दिसणारी म्हैस कोन घेतं का रं बाबा?"

दुसरा म्हणाला, "प्लेटा विकत घ्या, पंचवीस वर्षं बघायला नको!"

म्हटलं, "पंचवीस वर्षांनी मी तरी कुठं बघायला असनार?"

तिसरा जितेश. डोक्यावर पिवळी टोपी, बोलणं गुळासारखं. "आजी, छप्पर तुमचं, प्लेटा आमच्या. देखरेख आमची. तुम्ही फक्त स्वस्तात वीज वापरायची."

मी विचारलं, "काचेला उतार किती? वर कोंबडी चढंल का? ऊन किती वाजेपर्यंत ऱ्हातं?"

जितेश वहीत लिहायचा थांबला. "आजी, इतका अभ्यास करून बसलेलं गिऱ्हाईक मी बघितलं नाही!"

अभ्यास कसला! आमच्या स्लॅबवर प्लेटा लागल्या की माझे तांदळाचे पापड वाळवायचे कुठं, ही काळजी. आणि ती काच बघितली मात्र, माझा जीवच जडला. गुळगुळीत, तापणारी, कोंबडीच्या आवाक्याबाहेर! योजना ठरली. जितेशनं कागद वाचून दाखवला, "प्लेटांवर काही ठेवायचं नाही. ठेवलं तर कंपनी प्लेटा काढून नेईल." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

चैत्रात छाया मिरच्यांत बुडालेली बघून मी गुपचूप वर गेले आणि प्लेटांवर सहाशे पापड घातले. काय सांगू, चांदण्यांची शेतीच!

दुपारी फोन वाजला. विकास. "आई, मोबाईलवर दाखवतंय, आपली वीज पार तळाला गेली. वर कोन गेलंय काय?"

ह्यांना मोबाईलवर कळतं? आता प्लेटा जानार, गिरणी जानार, छाया माझ्याकडं बघनार! तोंडातून निघून गेलं, "वर... वर काय तरी पसरलंय रं!"

"काय पसरलंय?"

"पिवळट हाय. अंगावर ठिपके हायेत." जिऱ्याचे होते, खोटं कुठं बोलले?

पलीकडं विकास ओरडला. "आई! बिबट्या!"

मी फक्त "हं" म्हटलं. एवढंसं "हं"!

विकासनं शेजारच्या लडकूला फोन लावला. लडकूनं तो बिबट्या गावाच्या ग्रुपवर सोडला. अर्ध्या तासात बिबट्याची मादी झाली, तासाभरात तिला दोन पिल्लं झाली, आणि चार वाजेस्तोवर नेरळला बातमी होती की तिनं माझा डावा पाय नेला! दारं बंद, अंगणवाडी बंद, कुत्री घरात, माणसं माळ्यावर. फॉरेस्टवाले आले, आमच्या जिन्याला आडवे बांबू बांधून गेले. "आजी, वर पाऊल टाकायचं नाही!"

आणि पापड वर! काढू कशी?

वरच्या वाडीतली जिजा तेवढी काठी टेकत सरळ आत आली. रानात जन्म गेलेली बाई. कानाशी वाकून म्हणाली, "इंदे, बिबट्या तापल्या काचंवर बसंल व्हय? त्याचं ढुंगण काय तवा हाय? काय घातलंस वर, सांग."

"गप गं!" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जितेश आला. गाडीची काच बोटभर खाली केली आणि तिथूनच बोलला, "आजी, जंगली जनावराचा वावर असेल तर आमची माणसं चढणार नाहीत. करार रद्द. प्लेटा उद्या उतरवतो."

आता बोला! प्लेटा वाचवायला बिबट्या आणला, तर बिबट्यानंच प्लेटा खाल्ल्या!

छाया गिरणीचा पट्टा काढायला बसली. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "डोळ्यात मिरची गेली, आई." पण गिरणी सकाळपासून बंद होती हो.

मंग मात्र मला ऱ्हावलं नाय. भर अंगणात ओरडले, "बिबट्या नाय! माझे पापड हायेत!"

जितेशची गाडी बघून जमलेल्या शेजाऱ्यांतून लडकू हळूच म्हणाला, "इंदूकाकू, गिरणीसाठी जीव तुटतोय ते कळतंय. पण खोटं नका बोलू."

जन्मभर थापा मारल्या, तेव्हा हाच गाव माना डोलवायचा! आणि आज खरं बोलले तर कोन इस्वास ठेवंना!

"मंग मीच जाते वर!" म्हटलं, आणि बांबूखालून घुसले. रातीच खोपोलीहून आलेला विकास मागून धावला, तर जिजानं त्याला काठी आडवी घातली. "जाऊ दे. तिचं तिलाच काढू दे."

चौदा पायऱ्या. पहिल्या पायरीला मी म्हटलं, वर काय नाय. पाचवीला वाटलं, पण लडकूनं गुरगुर ऐकली म्हनं. नववीला आठवलं, फॉरेस्टवाले उगाच बांबू बांधतील का? बाराव्या पायरीवर तर मला मादी दिसली, पिल्लं दिसली, आणि माझा डावा पाय तिच्या तोंडात दिसला! तरी पदर खोचला आणि चढले.

वर पोचले. शुकशुकाट. आणि शेवटच्या प्लेटेमागं काय तरी हाललं! पिवळं! ठिपक्यांचं!

मी अशी किंचाळले की खाली लडकू आंब्यावर चढला आणि जितेशनं गाडी गेटातून नाय, गेटासकट बाहेर काढली! प्लेटेमागून टुणकन उडी मारून आलं ते... मांजर! कोनाचं तरी पिवळं मांजर, तोंडात माझा पापड!

मी पदरात पापड भरले आणि खाली उतरले. जितेशला गावकऱ्यांनी हाका मारून परत आणला. त्यानं वर जाऊन काचा पुसल्या. मोबाईलवर वीज सरसर चढली. तो कपाळाला हात लावून बसला.

"आजी, वरिष्ठांना काय कळवू?"

छायानं चूल पेटवली, दोन पापड भाजले आणि त्याच्या हातात दिले. त्यानं एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा मागितला. मंग फोन लावून म्हणाला, "साहेब, प्लेटांवर सावली पडली होती. हटवली. करार चालू ठेवतोय."

गिरणीचा पट्टा परत चढला. छाया माझ्याशी दोन दिवस बोलली नाय, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या वर्षी पापड माझ्या गिरणीच्या पत्र्यावर घाला." आणि आता म्हनं त्या कंपनीच्या कागदात नवीन ओळ आलीय: प्लेटांवर पापड, कुरडया, फेण्या घालू नयेत. तेवढं तरी नाव झालं माझं!

तर सगळं खरं हाय. शप्पथ घेतलीय. फक्त ते मांजर...

मांजर नव्हतं हो. प्लेटेमागं कायच नव्हतं. मोकळ्या स्लॅबवर एकटी उभी ऱ्हाऊन किंचाळले मी. पण हे गावाला कसं सांगू? जिजाला तेवढं माहीत हाय, आणि आता तुमाला.