मोतीरामभाऊंच्या मुऱ्या

कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी देतात. आमच्या पिपरी मेघ्यात मोतीरामभाऊंकडे आधी मासा दाखवतात. पाणी नंतर, आठवलं तर.

मासा तरी केवढा? बोटाएवढा. पिवळसर अंगावर काळे पट्टे, तोंडाला बारीक मिशा. मुरी म्हणतात तिला. भाऊंनी जन्मभर आंजीला धाम नदीवर नळयोजनेचा पंप चालवला. पाणी गावाला आणि मुऱ्या भाऊंना, अशी वाटणी झाली असावी. रिटायर होऊन आमच्या शेजारी आले तेव्हा बायको आधीच गेलेली, मुलगी पुण्याला. सोबत आलं ते काचेचं एक पसरट भांडं, तळाशी चार बोटं रेती आणि दोन मुऱ्या.

"समजून घेजा, वहिनी," असं भाऊ मला म्हणाले, की ते सुरू झाले समजायचं. "बाकीचे मासे वरवर हुंदडतात. हे तळाले राह्यते. डोळ्याखाली काटा असते तिच्या. कोनी धरलं का उभा करते. बगळाही थुकून देते."

देवळीच्या एका लग्नात त्यांनी स्टेजवर नवरदेवाचा हात धरून हाच काटा समजावला. मागे आहेराची रांग, फोटोवाला ताटकळलेला. नवरदेव बिचारा म्हणाला, "काका, खायले कशी लागते?" भाऊ न जेवता परत आले.

मुलगी फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, इकडंच या आता. तिथं तुमचं आहे तरी कोण?" भाऊंचं एकच उत्तर, "मुऱ्या आहेत."

यंदा उन्हाळ्यात तिने आठ दिवसांसाठी नेलंच. किल्ली माझ्याकडे. ताकीद अशी, की नळाचं पाणी घालायचं नाही, त्यातल्या औषधानं मरतात. आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा कण रोज टाकायचा, मोहरीएवढा.

तिसऱ्या दिवशी पाहते तर भांडं रिकामं. नुसती रेती. खिडकी उघडी, आणि कुंपणावर मांजर मिशा पुसत बसलेलं. मासे गेले याचं दुःख होतंच, पण आता हा माणूस मुलीला उत्तर काय देणार? राहील की तिकडेच.

तशीच ऑटो करून आंजी गाठली. नदीकाठी मासे विकणारी कौसाबाई ओळखीची.

"दोन मुऱ्या दे वं, जित्या."

"दोन? दोनाचं काय कालवन होते?"

"पाळाले पाह्यजे."

"पाळून दूध देते का, काकू?"

हसली, पण तिने दिल्या. नदीच्या पाण्यासकट डब्यात घालून आणल्या, भांड्यात सोडल्या. पट्टे सारखेच. कोण ओळखतंय.

भाऊ आले, पिशवी खांद्यावरच ठेवून वाकले. बोटाने हळूच रेती हलवली. एक उठली. दुसरी उठली. मग तिसरी, चौथी.

"वहिनी, ह्या दोघी आपल्या. अन् ह्या पाहुन्या कोन्या गावच्या?"

सांगितलं सगळं. मांजर, ऑटो, कौसाबाई.

"अवो, ऊन तापलं का मुरी रेतीत घुसून बसते. नुसते डोळे वर. हे तं मी तुमाले शंभर खेपा सांगतलं."

आता लपवून काय करायचं? म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगत राह्यचे अन् मी हो हो करत मेथी निवडत राह्यची. कानात काई गेलं नाई."

वाटलं, रागावतील. ते खुर्चीवर टेकले. पिशवी मांडीवर घेतली.

"निवडत होत्या, पन बसल्या तं होत्या," म्हणाले. "पोरगी चांगली आहे. जावई चांगला. सारे कामाचे. आठ दिवसांत मुरीच्या म चा उच्चार नाई केला मी. कोनाजवळ करू?"

मी निवडायला सोबत आणलेलं भाजीचं टोपलं घरी नेऊन ठेवलं, आणि रिकाम्या हातांनी परत येऊन त्यांच्या समोर बसले.

"सांगा भाऊ," म्हटलं, "रेतीत बुडल्यावर ती श्वास कसा घेते?"

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली.

"समजून घेजा, वहिनी."