एकसष्ट टक्क्यांवरची कुंडी

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात चेतना तेंडोलकरइतकी तल्लख गुप्तहेर दुसरी नाही, असं सर्वांचं मत होतं. सर्वांचं म्हणजे चेतना तेंडोलकरचं. बाकीच्यांना अजून कोणी विचारलेलं नव्हतं.

पोटासाठी ती एका विमा कंपनीत दावे तपासायची. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे ती त्याच्या बुटांवरून ओळखायची, आणि तो खरं बोलत होता हे तिचे साहेब नंतर कागदांवरून ओळखायचे. तिची नजर घारीची होती. फक्त घारीला चष्मा लागत नाही, आणि लागला तर तो कुठे ठेवला हे तिच्या लक्षात राहत असावं. तिच्या इमारतीतलं चपलाचोरीचं प्रकरण चेतनाने तीन दिवस जिन्यावर पाळत ठेवून उलगडलं होतं. चोरीला गेलेल्या चपला तिच्याच पायात सापडल्या, हा तपशील सांगताना ती गाळत असे.

एक प्रकरण मात्र तिला सुटत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तिचे बाबा गेले. श्यामसुंदर तेंडोलकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. जाताना कुणाशी काही बोलले नाहीत. चेतनाला एक ओळ हवी होती, तिला उद्देशून लिहिलेली. एकच. डायरीत गॅसचा नंबर लावल्याच्या तारखा निघाल्या. पोथीत खूण म्हणून ठेवलेलं औषधाचं पाकीट निघालं. शेवटी राहिला बाबांचा जुना कॉम्प्युटर. त्यातल्या दोनशे चौदा फायली तिने पेनड्राइव्हवर घेतल्या आणि एक आठवडा खपून सगळ्या वाचल्या. सोसायटीला पाण्याच्या टाकीबद्दल सव्वीस पत्रं होती. ‘महत्त्वाचे’ नावाची फाईल तिने दार लावून उघडली. आत प्लंबरचा फोन नंबर होता.

आणि आता, शनिवारी सकाळी अकरा वाजता, आई-बाबांच्या मुलुंडच्या घरी तो कॉम्प्युटर पुसून त्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं होतं. आईसाठी.

“दुसरं काही नको, लिनक्सच टाक,” आई म्हणाली होती.

हेच पहिलं संशयास्पद. जी बाई रिमोटला ‘ते बटणांचं’ म्हणते, तिच्या तोंडी लिनक्स? चेतनाने तत्काळ निष्कर्ष काढला की वरच्या मजल्यावरच्या केयूरने आईचे कान भरलेत. केयूर शाळेत तिच्या वर्गातला, आता डोक्यावर विरळ, कुठल्याशा बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायचा. लिनक्सचा पेनड्राइव्हही त्यानेच दिला होता.

चेतनाने पेनड्राइव्ह लावला, भाषा मराठी निवडली. डिस्कवरचं सर्व पुसलं जाईल, चालेल का, असं विचारणारी चौकट आली. तिथे ती बराच वेळ थांबली. मग ‘हो’ दाबलं.

पुढची चौकट आली. ‘तुमचं नाव काय?’ रिकाम्या जागेत फिक्या अक्षरांत नमुना दिला होता: उदा. चेतना.

चेतना खुर्चीत सरळ झाली.

“आई, याला माझं नाव माहीत आहे.”

“हो ना,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली. “अगं, ते...”

“थांब. साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पुरावा दूषित होतो.”

आई पुन्हा मेथीकडे वळली. चेतनाने आईचं नाव ‘अनुपमा’ असं भरलं, तिला विचारून पासवर्ड ठरवला, बटण दाबलं. फायली उतरू लागल्या. खाली टक्के सरकू लागले आणि वर एकामागून एक चित्रं. नवीन माणसाला घर दाखवावं तसा तो कॉम्प्युटर स्वतःची ओळख करून देत होता. प्रत्येक चित्राखाली दोन-दोन ओळी.

‘स्वागत आहे. इथे काहीही दाबलंत तरी काही मोडत नाही. निर्धास्त दाबा.’

‘ही रद्दी. नको ते इथे टाका. रद्दीवाला येईपर्यंत परत काढता येतं.’

“बरं लिहिलंय,” चेतना म्हणाली. “सरकारी वाटत नाही.”

आई मेथी बाजूला ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्याच वेळी पडद्यावर नवीन ओळी उमटल्या: ‘याला वेळ लागेल. समोर बसून राहू नका. दूध तापत ठेवलं असेल तर बघून या.’

चेतनाने पडद्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

“आई, दूध तापत होतं?”

“उतू जाणारच होतं.”

आता तिच्या अंगातली गुप्तहेर पूर्ण जागी झाली. तिने चष्मा शोधला, तो डोक्यावर होता, आणि पहिला सिद्धांत मांडला: कॅमेरा. मॉनिटरवर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून कोणीतरी घर बघत होतं. तिने तो खाली ओढून पाहिला. त्याच्या काचेवर बरोब्बर मध्यावर हळदकुंकवाचा जाड ठसा वाळून बसला होता. दसऱ्याला आईने शस्त्रपूजनात चाकू, कात्री, मिक्सर आणि कॉम्प्युटर यांना एका रांगेत कुंकू लावलं होतं. कॉम्प्युटरचं कपाळ म्हणून तिला कॅमेराच सापडला होता. तेव्हापासून त्याला फक्त लाल दिसत होतं.

दुसरा सिद्धांत: माइक. कोणीतरी ऐकत होतं. त्यासाठी ती टेबलाखाली शिरली. तिथे तिला एक माइक, दोन झुरळं आणि बाबांची हरवलेली फूटपट्टी सापडली. माइकची वायर कशालाच लावलेली नव्हती. पट्टी तिने काही न बोलता वर ठेवली. या वेळात पडद्यावर दोन चित्रं येऊन गेली आणि ती आईने मोठ्याने वाचली, पण चेतनाचं डोकं टेबलाखाली होतं, आणि टेबलाखालून सत्य दिसत नाही असं कुठल्याही चांगल्या गुप्तहेराला ठाऊक असतं.

ती बाहेर आली तेव्हा एकसष्ट टक्के झाले होते. पडद्यावर लिहिलं होतं:

‘पासवर्ड कागदावर लिहून तुळशीच्या कुंडीखाली ठेवू नये. तिथे किल्ली आहे तेवढी पुरे.’

या घराची जास्तीची किल्ली दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीखाली असायची. चेतना शाळेत होती तेव्हापासून.

“बस्स,” ती म्हणाली. “घरातलं माणूस फुटलंय.”

आईने पापणीही हलवली नाही. “कुठलं गं?”

“तेच बघायचंय.” तिने फोन उचलला. “केयूर, खाली ये. आत्ता.”

केयूर बनियनवर शर्ट चढवत आला. चेतनाने त्याला स्टुलावर बसवलं आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. अशाने चेहरा अंधारात राहतो आणि गुन्हेगार घाबरतो. केयूरने उठून ट्यूबलाइट लावली.

“काय झालं? अडकलं का कुठे?”

“अडकला आहेस तू. आमची किल्ली कुठे असते हे तुला माहीत आहे?”

“कुंडीखाली.”

“कबुली!”

“अगं कसली कबुली? या इमारतीत वीस बिऱ्हाडं आहेत, एकोणिसांची किल्ली कुंडीखाली असते. विसाव्यांकडे कुंडी नाही, त्यांची आमच्याकडे असते.”

“मग पेनड्राइव्हमध्ये हे सगळं तू घुसवलंस. माझं नाव, किल्ली, दूध. माझ्या आईला हसवायला.”

“चेतना, मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलंय. हातसुद्धा लावलेला नाही. आणि हे मराठी बघ ना जरा! एकही चूक नाही. दहावीपर्यंत माझे निबंध कोण लिहून द्यायचं?”

 चेतना स्वतः लिहून द्यायची. हा बिनतोड बचाव होता. ‘माझा आवडता ऋतू’ मध्ये केयूरने स्वतःच्या मनाने घातलेल्या एकमेव वाक्यात चार चुका होत्या.

“हे महाराष्ट्रात ज्याने ज्याने मराठीत टाकलं, त्या सगळ्यांना असंच दिसतं,” केयूर म्हणाला. “उदा. चेतना, सगळ्यांना. तुला एकटीलाच नाही काही. एवढी मोठी नाहीस तू.”

अठ्ठ्याहत्तर टक्के. आता एकच संशयित उरला होता आणि तो मेथीची जुडी संपवून लसूण सोलत होता.

“आई,” चेतना अत्यंत सौम्य, म्हणून अत्यंत धोकादायक आवाजात म्हणाली, “दूध बघून या, असं यायच्या आधी तू उठलीस. आधी. कसं काय?”

“त्याच्या पुढची पाटी तीच ना.”

“पाटी?”

“या पाट्याच. रद्दीनंतर दूध, दुधानंतर फोटोंची, मग किल्ली. मघाशी नावांची पण येऊन गेली, मी वाचली मोठ्याने. तू टेबलाखाली होतीस.”

“तुला पाठ आहेत?”

“पाठ व्हायला काय, सहा वर्षं ऐकतेय. रोज चार ते सहा. तुझ्या बाबांनीच तर मराठीत केल्यात.”



“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगत होते तर म्हणालीस, पुरावा दूषित होतो.”

केयूर हसू दाबायला खिडकीकडे वळला. ते जमलं नाही, तेव्हा त्याने खोकला काढला.

“जगभरातले लोक फुकट करतात म्हणे हे काम,” आई सांगू लागली. “ज्याने त्याने आपापल्या भाषेत करायचं. घरी काही साठवायचं नाही, सगळं तिकडे वेबसाइटवरच लिहायचं.” म्हणून दोनशे चौदा फायलींत त्यातलं एक अक्षर नव्हतं. “तुझ्या बाबांना असं माणूस हवं होतं ज्याला काही म्हणजे काही कळत नाही. घरात मी होतेच. ते वाचायचे, मी सांगायचे कळलं की नाही. नाही कळलं की खोडायचे. रद्दीचं माझं आहे. आधी त्यांनी काय लिहिलं होतं, पुनर्चक्रण का काय. मी म्हटलं, अहो, माणसं पळून जातील.”

“आणि कुंडी?”

“मी खरंच ठेवला होता पासवर्ड कुंडीखाली. रागावले नाहीत. पाटीत घातलं.”

“पण मग त्यांनी इथे आधीच का नाही टाकलं?”

“सगळ्या पाट्या पुऱ्या होऊ देत म्हणायचे. मला अर्धवट इंग्रजी दिसायला नको म्हणून.” आईने लसणाची साल झटकली. “झाल्या पुऱ्या. दिवाळीत.”

चेतना खुर्चीत बसली. दर शनिवारी ती फोन करायची तेव्हा मागे टकटक ऐकू यायची. त्या टकटकीवरून तिने सहा वर्षांपूर्वीच निर्विवाद निष्कर्ष काढला होता. ‘पत्ते लावताय ना बाबा?’ ती विचारायची. ‘हो,’ ते म्हणायचे. उकललेल्या प्रकरणांच्या यादीत ते प्रकरण तिने चपलांच्याही वर ठेवलं होतं.

“मला तर म्हणायचे पत्ते खेळतो.”

“पत्ते? त्यांना? गुलाम आणि राजा यातला फरक कळायचा नाही त्यांना.”  मग आईने सरळ सांगून टाकलं, कारण या घरात गोष्टी सरळच सांगायची पद्धत होती. “एकदा तुला सांगायला घेतलं होतं त्यांनी. तू म्हणालीस, बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. मग म्हणाले, पत्तेच म्हणू दे तिला. लवकर संपतं.”

केयूरला अचानक वरच्या मजल्यावर काहीतरी काम आठवलं. तो जाताना दार हळू लावून गेला.

सत्त्याण्णव टक्के. पाट्या फिरून पहिल्यापासून सुरू झाल्या होत्या आणि आता शेवटाकडे आल्या होत्या. टेबलाखालून हुकलेली नावांची पाटी आली. ‘मराठी रूपांतर: श्या. तेंडोलकर. तपासणी: सौ. अनुपमा तेंडोलकर.’ घारीच्या नजरेसमोर ती चांगली दहा सेकंद थांबून गेली. मागोमाग कुंडीचीही येऊन गेली.

“आता मदतीची येईल,” आई म्हणाली, आणि पडद्याकडे न बघता, लसूण सोलत, म्हणू लागली. पडद्यावरची अक्षरं तिच्या मागून आली.

‘अडलं तर विचारा. लगेच उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. समोरचं माणूस कामात असतं. विसरलेलं नसतं.’

चेतनाने ती पाटी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला चष्मा पुसावा लागला, आणि पुसेपर्यंत शंभर टक्के झाले.

पाट्या गेल्या. पडद्यावर एक चौकट तेवढी उरली: ‘झालं. आता संगणक पुन्हा सुरू करा.’ चेतनाचा हात माउसवर होता, पण बोट हलेना.

“दाब ना,” आई म्हणाली.

“दाबलं की हे जाईल सगळं.”

“जाऊ दे की. पेनड्राइव्ह आहे ना? केव्हाही लाव, पुन्हा येतंय. आणि तो नसला तर मी आहे, मला पाठ आहे.” आईने लसणाचे हात पदराला पुसले, खुर्ची जवळ ओढली आणि लेकीच्या हातावर हात ठेवून बोट खाली दाबलं. “मोडत नाही काही.”

पडदा काळा झाला. मग उजळला. निळ्या पडद्याच्या मध्यावर ‘अनुपमा’ असं नाव आलं. आईने पासवर्ड स्वतः टाकला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधून, पण बरोबर. कोपऱ्यात रद्दीची टोपली होती. रिकामी.

या प्रकरणाचा अहवाल चेतनाने लिहिला नाही. त्यात लिहिण्यासारखं काय होतं? गुन्हेगाराने स्वतःचं नाव पाटीवर लिहून ठेवलं होतं, साक्षीदार सकाळपासून बोलायला बघत होता, आणि एकूण एक धागा जिने तोडला ती गुप्तहेर विम्याच्या दाव्यांसाठी सोमवारी परत कामावर जाणार होती.

“चेतना,” आई पडद्याजवळ वाकून म्हणाली, “यात पत्ते कुठे असतात गं?”

“कशाला?”

“सहा वर्षं ते खेळत होते ना. बघू तरी काय एवढं असतं त्यात.”

चेतनाने पत्ते उघडून दिले. दोघींपैकी कुणालाच नियम नीट येत नव्हते. मेथी आणि लसूण तसेच राहिले, आणि दीड वाजेपर्यंत एकही डाव लागला नाही.